किसनजीचा क्लब

हिरवळीवर पाऊल ठेवण्याआधी किसनजी वहाणा काढत. आम्ही बाकीचे सभासद नागपूरहून मागवलेले रबरी तळाचे पांढरे बूट घालून ताठ उभे असायचो. किसनजी कुंपणापाशी वहाणा जोडून ठेवत, धोतर वर खोचत आणि अनवाणी मैदानाच्या मधोमध जाऊन मिनिटभर डोळे मिटून उभे राहत. मग हलकेच "हं" म्हणत. तेवढ्यात त्यांना कळलेलं असे, रात्री दव किती पडलं, गवत कोणत्या अंगाला झुकलं आहे आणि आज गोळा कुठे वळणार आहे. हे कळावं म्हणून मी सहा वर्षं खेळलो होतो आणि मला ते कळलं नव्हतं.

किसनजींवर चार ओळी लिहा, असं क्लबाच्या मंडळींनी मला सांगितलं आहे. चिटणीस म्हणून ते माझं कामच आहे. पण लिहायला बसलो तर पहिली गोष्ट हीच लिहावी लागते की मला या माणसाचा हेवा वाटे. थोडाथोडका नव्हे, जेवताना घास घशात अडकावा इतका. तो वगळून मला किसनजी सांगता येत नाहीत.

क्लब मी काढला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. लाटसाहेब नागपूरला, कमिशनर अमरावतीला आणि आम्हा बुलढाणेकरांच्या वाट्याला डिप्टी कमिशनर. घाटावरची हवा थंड म्हणून साहेबलोकांना गाव आवडे. त्यांचा टेनिसचा क्लब होता, तिथे आम्हाला प्रवेश टाळ्या वाजवण्यापुरता. एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, कंदील घेतले. मी एक लांबट लाकडी पेटी घेतली. आत सहा लोखंडी कमानी, एक रंगवलेली खुंटी, चार रंगांचे चार लाकडी गोळे, लांब दांड्याच्या चार मोगऱ्या आणि नियमांचं पुस्तक. या खेळाला क्रोके म्हणतात हे मला त्या पुस्तकावरून कळलं.

खेळ दिसायला सोपा. मोगरीनं गोळा ढकलत एकेका कमानीतून न्यायचा आणि शेवटी मधल्या खुंटीला टेकवायचा. वाटेत आपला गोळा दुसऱ्याच्या गोळ्याला लागला, तर आपला त्याच्या शेजारी ठेवून एक जादा टोला मिळतो आणि त्या टोल्यानं समोरच्याचा गोळा हवा तिकडे भिरकावून देता येतो. हा टोला माझा विशेष आवडता. आमच्या डॉक्टरांचा निळा गोळा मी कितीदा घाणेरीच्या झुडपात धाडला असेल याची गणती नाही. ते काटे ओरबाडून घेत गोळा शोधत आणि मी मोगरीवर रेलून उभा राही.

नझूलची, म्हणजे सरकारी, पडीक जागा भाड्यानं मिळावी म्हणून सात अर्ज मी लिहिले. क्लबाची घटना माझ्या हातची. सभासद म्हणजे डॉक्टर, हेडमास्तर, कोर्टातले नाझरसाहेब आणि आम्ही चार-सहा वकील. गाव हसायचं. "काय वकीलसाहेब, मेखा ठोकायले चालले का?" असं बाजारात तोंडावर विचारायचं. पण कोर्ट सुटल्यावर कोट-टोपी घालून, खांद्यावर मोगरी टाकून मी त्या मैदानाकडे निघे तेव्हा आपणही कोणीतरी आहोत असं वाटे. साहेबांच्या टेनिसला आम्ही टाळ्या वाजवत असू. इथल्या कमानी मात्र आमच्या होत्या.

मैदानाला लागून किसनजींचा मळा होता. जातीचे माळी. वांगी, कोबी, मेथी, टमाटे. गावातल्या निम्म्या घरांची आणि सगळ्या बंगल्यांची भाजी त्यांच्याकडून जाई. धाड गावच्या बाजाराच्या दिवशी पहाटेच गाडी भरून जात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतत. पहिल्याच उन्हाळ्यात आमचं गवत करपलं. डॉक्टरांनी शब्द टाकला आणि किसनजींनी आपल्या मोटेच्या पाटाला एक फाटा काढून पाणी आमच्या मैदानापर्यंत आणलं. बदल्यात काही मागितलं नाही. माणूस काही मागत नाही तेव्हा सावध राहावं, असं मला वकिलीनं शिकवलं होतं.

ते संध्याकाळी कुंपणाबाहेर उभे राहून खेळ पाहत. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "काय किसनजी, खेळायचंय का?"

"पाहून राह्यलो," किसनजी म्हणाले. गोळ्याला ते गोया म्हणत. "तुम्ही लय जोरानं हानता, डॉक्टरसाहेब. गोयाले मारू नये. त्याले वाट दाखवा, तो जाते बिचारा."

डॉक्टर पुण्याकडचे, त्यांना या बोलण्याचं भारी कौतुक. त्यांनी आपली मोगरी पुढे केली. किसनजींनी वहाणा काढल्या, मोगरी दोन्ही हातांत धरून आधी कपाळाला लावली आणि गोळ्याला नुसता स्पर्श केल्यासारखं केलं. गोळा थोडा डावीकडे गेला, मग आपणहून उजवीकडे वळला आणि कमानीतून शांतपणे पलीकडे निघाला.

त्यांना सभासद करून घ्यायचा ठराव आला तेव्हा मी विरोध केला. सभासद सुशिक्षित असावा असं कलम होतं, ते वाचून दाखवलं. हेडमास्तर म्हणाले, "चौथीपर्यंत माझ्याच शाळेत होते. तुमचं अक्षर त्यांच्याहून वाईट आहे." मतदान झालं. ठरावाविरुद्ध दोन हात वर झाले. एक माझा, दुसरा नाझरसाहेबांचा. त्यांनी तो डुलकीत वर केला होता, असं नंतर कळलं.

त्यानंतर माझे दिवस फिरले. किसनजी मला हरवू लागले, आणि हरवतानाही त्यांची रीत वेगळी. समोरच्याचा गोळा लागला की आम्ही तो लांब भिरकवायचो. ते तो हळूच बाजूला सारत, कधी तर कमानीच्या तोंडाशीच ठेवत. मी एकदा चिडून म्हणालो, "किसनजी, नियमानं तुम्हाला माझा गोळा घालवून देता येतो."

"येते नं," ते म्हणाले. "पण तुमचा गोया काट्यात धाडल्यानं माहा काही पुढं जात नाही." आणि पुढल्या दोन टोल्यांत खेळ संपवून मला म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा, वकीलसाहेब. डोकं तेवढं कोर्टात राह्यलं."

सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत माझा जबडा दुखत होता.

घरी तरी सुटका असावी, तर तीही नाही. किसनजी हंगामाची पहिली वांगी सगळ्या सभासदांकडे पाठवत. आमच्या मंडळींना ती फार आवडत. भरीत समोर आलं की मी विचारी, वांगी कुठली? "दुसऱ्या कोनाची राह्यतीन?" ती म्हणे. मी ताट सारलं तर ती शांतपणे परत पुढे करी. "खा मुकाट्यानं. वांगं काही तुमच्यासंगं खेयत नाही."

मी खात असे. भरीत उत्तम असे, हेही एक दुःख.

सभासद धाडच्या बाजारातून काहीबाही आणायला त्यांना सांगत असत म्हणे. मी कधी एक जुडी कोथिंबीरदेखील सांगितली नाही. त्यांच्या उपकारात राहायचं नाही, असा माझा बाणा होता.

कळस झाला तो अकोल्याहून माझे एक स्नेही आले तेव्हा. त्यांना क्लब दाखवावा म्हणून टांगा केला आणि टांगेवाल्याला सांगितलं, क्रोके क्लबवर चल. त्याला समजेना. मी म्हटलं, अरे, ते मैदान, लोखंडी कमानी आहेत ते. "असं सांगा नं मंग," तो म्हणाला, "किसनजीच्या क्लबात." सात अर्ज मी लिहिले होते. स्नेह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी घोड्याकडे पाहिलं.

आमच्या वार्षिक स्पर्धेचा शेवटचा सामना संक्रांतीनंतरच्या रविवारी होत असे. दोघा खेळाडूंनी आधी एकमेकांना तिळगूळ द्यायचा आणि मग मोगऱ्या उचलायच्या, असा आमचा रिवाज होता. त्या वर्षी शेवटी उरलो किसनजी आणि मी. शिवाय जागेची मुदत संपत आली होती, ती वाढवायची की नाही हे ठरवायला डिप्टी कमिशनर साहेब मडमेसह सामना पाहायला येणार होते. मैदान नीट दिसलं तर जागा राहणार, नाहीतर तिथे सरकारी गुदाम होणार, हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, आणि तरी मी पुढची गोष्ट केली.

आदल्या दिवशी धाडचा बाजार होता. किसनजी पहाटेच गेले होते. दुपारी मळ्यात त्यांचा गडी मोट हाकत होता आणि मैदानावर चिटपाखरू नव्हतं. मी फाट्यापाशी गेलो, पायानं माती बाजूला केली आणि पाणी मैदानाच्या वरच्या अर्ध्या भागावर सोडलं. हिशेब असा, की गवत ओलं आणि जड झालं म्हणजे किसनजींचा हलका टोला अर्ध्या वाटेत मरेल. माझ्या दणक्याला ओल्या गवताची पर्वा नव्हती. घड्याळ लावून अर्धा तास पाणी दिलं, पुन्हा मातीचा बांध घातला आणि बुटांचा चिखल पुसून घरी गेलो. इतकी व्यवस्थित अफरातफर माझ्या अशिलांनीही कधी केली नसेल.

रविवारी वरचा भाग वरवर कोरडा दिसत होता. साहेब आले, मडम आल्या. त्यांच्यासाठी खालच्या कोपऱ्यातल्या कडुलिंबाच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. किसनजींनी मला तिळगूळ दिला, मी त्यांना दिला, गोड बोला असं दोघेही म्हणालो. मग ते वहाणा काढून मधोमध जाऊन उभे राहिले. डोळे मिटले आणि लगेच उघडले. वर पाहिलं नाही, सरळ खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

त्या कोपऱ्यात दोन वर्षांपूर्वी मी भर घातली होती, काळ्या मातीची. तेव्हा किसनजी म्हणाले होते, "तिथं मुरूम टाका. काळी पानी पेते अन् सोडत नाही." मी उत्तर दिलं होतं की हे मैदान आहे, वांग्याचा वाफा नव्हे.

पाणी रात्रभर गवताखालून उतरत गेलं होतं आणि त्या काळ्या मातीत जाऊन बसलं होतं. वरून हिरवंगार, आत लोणी. मडमेच्या खुर्चीचे मागचे पाय आधी सावकाश रुतले आणि मग एकदम गेले. चहाचा पेला साहेबांच्या पांढऱ्या विजारीवर पडला. डॉक्टर धावले, त्यांचा एक बूट चिखलातच राहिला. कोपऱ्यातली कमान आडवी झाली. हेडमास्तर मडमेला हात द्यायला गेले आणि स्वतः बसले.

साहेबांनी विजार झटकत विचारलं, मैदानावर पाणी कोणी सोडलं?

 मी आडवी झालेली कमान सरळ करायला वाकलो. किसनजी मैदानाच्या मधून चालत आले. माझ्या शेजारून जाताना थांबले आणि मलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "ज्यानं सोडलं, त्याले उतार माहीत नोता." मग पुढे होऊन त्यांनी साहेबांसमोर हात जोडले. "म्या सोडलं, सायेब. गवत जरा सुकल्यावानी वाटलं. चूक माही."

साहेबांनी चिटणिसाकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. आमच्या क्लबात शिस्त आहे, आजच कारवाई होईल, असं माझ्या तोंडून निघालं. संध्याकाळी कमिटी बसली. कोणी फारसं बोललं नाही. किसनजींना एक वर्ष खेळायला बंदी, असं पत्र मी माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. साहेबांना शिस्त आवडली असावी. जागेची मुदत वाढली. सामना न होता स्पर्धेचा पेला मला मिळाला. त्यावर माझं नाव कोरलेलं आहे, ते अजून कपाटात दिसतं.

त्या वर्षात किसनजी पूर्वीसारखे रोज येत आणि कुंपणाबाहेर उभे राहत. पाणी त्यांचंच चालू होतं. खालच्या कोपऱ्यातली काळी माती काढून त्यांनी स्वतः मुरूम भरला. मी आत खेळे आणि जिंके, पण कोणी टाळी वाजवली की ती कुंपणाकडे पाहून वाजवली असंच वाटे. मला अपराधी वाटायला हवं होतं. वाटतही होतं. पण खरं सांगतो, त्याहून जास्त हेवा वाटत होता. खेळात हरवलं ते हरवलं, आता चांगुलपणातही हा मनुष्य माझ्या दोन कमानी पुढे होता आणि तिथे तर मला मोगरीसुद्धा धरता येत नव्हती.

पुढे ते परत खेळू लागले. पाच-सहा वर्षांनी, ते आजारी होऊन बाजेवर पडले असताना मी भेटायला गेलो. बाज मळ्यातच टाकलेली होती. इकडचं तिकडचं झाल्यावर मी एकदाचं विचारलं, "किसनजी, त्या दिवशी तुम्ही तसं का सांगितलंत?"

ते मोटेकडे पाहत होते. "तुमचं नाव सांगतलं असतं तं सायबानं तुम्हाले काढलं असतं," ते म्हणाले. "मंग जागेचा अर्ज कोनं लिहिला असता? मले गवत वाढवता येते, वकीलसाहेब, अर्ज लिहिता येत नाही."

"राग नाही आला?"

"आला नं. लय आला. त्या दिवशी माह्या कोबीले पानी कमी पडलं." आणि खोकत खोकत हसले.

त्यानंतर आठवडाभरात ते गेले. साऱ्या गावानं त्या दिवशी दुकानं बंद ठेवली. डिप्टी कमिशनरांच्या बंगल्यावरचा खानसामादेखील तिरडीमागून चालत होता. मी चालता चालता मनात म्हटलं, आपल्यामागे एवढे येणार नाहीत. असा विचार त्या वेळीही आला, तो लपवत नाही.

तेराव्यानंतर क्लबात शोकसभा झाली. चिटणीस म्हणून मी बोलायला उभा राहिलो. चार चांगली वाक्यं लिहून नेली होती, पण कुंपणापाशी त्यांच्या मुलानं वहाणा आणून ठेवल्या होत्या, त्या दिसल्या आणि कागद वाचवेना. मी म्हणालो, "त्या वर्षी पाणी मी सोडलं होतं. किसनजी खोटं बोलले." सांगून मी मान खाली घातली. आता राजीनामा द्यायचा, एवढंच डोक्यात होतं.

 मग डॉक्टर म्हणाले, "बसा, वकीलसाहेब. आम्हाला माहीत आहे."

मी वर पाहिलं.

"पाणी आदल्या दिवशीचं होतं आणि आदल्या दिवशी किसनजी धाडला होते," डॉक्टर म्हणाले. "माझी घोंगडी आणायला सांगितली होती मी. रविवारी सकाळी त्यांनी ती घरी आणून दिली."

"माह्या मिरच्या होत्या," नाझरसाहेब म्हणाले. ते जागे होते.

हेडमास्तरांनी सांगितलं की कमिटी बसण्याआधी किसनजी एकेकाच्या घरी जाऊन आले होते. जागा राहू द्या, वकीलसाहेबांचं नाव काढू नका, असं हात जोडून सांगून आले होते. म्हणून त्या संध्याकाळी कोणी बोललं नव्हतं. ज्या पत्रावर मी इतक्या सुरेख अक्षरात सही केली, ते पत्र खोटं आहे हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. क्लबात त्यांच्याकडून धाडहून काही न मागवणारा मी एकटा होतो, आणि त्यामुळे ते कुठे होते हे सगळ्यांना ठाऊक आहे, हे न कळलेलाही मी एकटाच.

राजीनामा कोणी घेतला नाही. मी घरी आलो. मंडळी चुलीपुढे भाकरी थापत होती. पाटावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. पाणी, पत्र, सभा. ती ऐकत भाकर उलटत होती.

"तुला यातलं काही ठाऊक होतं?" मी विचारलं.

"त्या बजाराले म्या त्याइले तवा आनाले सांगतला होता," ती म्हणाली. "रयवारी सकायी देऊन गेले. तुम्ही न्हानीत होते."

"कोणता तवा?"

तिनं चुलीकडे बोट दाखवलं. सहा वर्षं माझी रोजची भाकर त्याच्यावर होत होती. मी मारे कोणाचे उपकार न घेणारा.

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"त्याच संध्याकायी परत येऊन त्याइनं सांगतलं होतं," ती म्हणाली, "का बोलू नका, वकीलसाहेबाले जेवन जाणार नाही."

तिनं भाकर माझ्या ताटात टाकली. चांगली टम्म फुगलेली होती. मी ती खाल्ली आणि दुसरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लबावर जायला टांगा केला. टांगेवाल्यानं विचारलं, कुठी जायचं. मी सांगितलं, किसनजीच्या क्लबात.